लोहाराचे आडनाव

आपल्या भाषेत 'नाव' ह्या शब्दाभोवती जितकी क्रियापदे गोळा झाली आहेत, तितकी दुसऱ्या फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आली असतील. आपण मुलाचे नाव ठेवतो आणि शेजाऱ्याला नावे ठेवतो. लग्नात नाव घेतात, शाळेत नाव घालतात. मुलगा कर्तबगार निघाला की त्याने घराण्याचे नाव काढले असे म्हणतो. तो वाया गेला की नाव बुडवले म्हणतो. गडकोटांच्या सहलीला गेलेले काही उत्साही लोक तेथील दगडावर आपले नाव कोरून येतात. तोही नाव मिळवण्याचाच एक प्रकार. नाव लावणे, नाव कोरणे आणि नाव काढणे ह्या तीन गोष्टींत किती अंतर आहे, हे एका परक्या आडनावाच्या निमित्ताने मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. ते आडनाव म्हणजे 'स्मिथ'.

हे आडनाव मी निवडले ते त्याच्या सामान्यपणासाठी. इंग्लंडात आणि स्कॉटलंडात सर्वांत अधिक लोक हेच आडनाव लावतात. अमेरिकेच्या २०१० सालच्या शिरगणतीत २४ लाखांहून अधिक स्मिथ मोजले गेले आणि तेथेही त्यांचाच पहिला क्रमांक लागला. ज्याला वेगळा चेहरा नाही अशा सर्वसाधारण माणसाचा उल्लेख करावयाचा झाला की इंग्रज 'जॉन स्मिथ' म्हणून मोकळा होतो. आपल्याकडच्या कोणा एका गोविंदा-गोपाळासारखेच ते नाव समजावे.

ह्या शब्दाचा अर्थ सरळ आहे. स्मिथ म्हणजे धातूचे काम करणारा, मुख्यतः लोहार. जुन्या काळी इंग्लंडातील खेडुताला आडनाव नसे. गावात चार जॉन असले तर एक टेकडीवरचा, एक गिरणीवाला, एक विल्यमचा मुलगा आणि एक लोहार, अशी त्यांची ओळख पटे. पुढे जमिनीची खाती झाली, वारसाहक्काचे तंटे न्यायालयात जाऊ लागले, आणि सरकारला कराची आठवण झाली. १३७७, १३७९ आणि १३८१ ह्या साली तेथे माणशी कर बसवण्यात आला. करवसुलीच्या त्या याद्यांत नावापुढे धंदाही पुष्कळदा नोंदलेला सापडतो. सरकारी दप्तराची भाषा बहुधा लॅटिन असल्यामुळे कारकुनाने लोहाराला 'फाबेर' असेही लिहून टाकलेले आढळते. चौदावे शतक संपेपर्यंत इंग्लंडातील बहुतेक घराण्यांची आडनावे वंशपरंपरागत झाली होती. दप्तराची गरज आणि माणसाची ओळख ह्यांचे नाते असे जुने आहे. माझ्यासारख्या सरकारी नोकराने हे थोड्या अभिमानाने आणि थोड्या संकोचाने सांगावे असे आहे.

आता एक प्रश्न कोणाच्याही मनात येईल. इंग्लंडात लोहारांपेक्षा शेतकरी कितीतरी अधिक होते. मग सर्वांत अधिक स्मिथ कसे? ह्याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. ज्या गावात सारेच शेतकरी, तेथे 'शेतकरी' म्हटल्याने कोण ओळखला जाणार? लोहार मात्र गावोगाव असावयाचा आणि गावात बहुधा एकच असावयाचा. आपल्या बारा बलुतेदारांत त्याची जागा जशी ठरलेली, तशीच तेथेही. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, दाराची बिजागरी ह्यांवाचून गावगाडा चालत नसे. म्हणून 'लोहार' म्हटले की गावात एकच माणूस डोळ्यांसमोर येई. परंतु अशा हजारो गावांतील एकेक लोहार जेव्हा एका देशाच्या यादीत एकत्र आले, तेव्हा त्यांची मोठी गर्दी झाली. जे आडनाव गावात माणूस ओळखू यावा म्हणून जन्मले, तेच देशात माणूस ओळखू न येण्याचे कारण झाले.

ही गोष्ट एकट्या इंग्रजांची नाही. जर्मनांचा श्मिट, रशियनांचा कुझ्नेत्सोव्ह, हंगेरीतला कोव्हाच, अरबांचा हद्दाद हे सारे एकाच ऐरणीवरून उठलेले आहेत. आपल्याकडेही लोहार, सुतार, सोनार ही आडनावे आहेत. कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, फडणीस ही हुद्द्यांवरून आली. आणि मुंबईच्या पारशी बांधवांनी तर इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर हे इंग्रजी शब्दच आडनाव म्हणून घेतले. गाव सुटले तरी गावाचे नाव सुटत नाही ही आपली आणखी एक तऱ्हा. इंदूरला किंवा दिल्लीला तीन पिढ्या राहिलेला गृहस्थ पत्रावर 'सातारकर' म्हणून सही करीतच असतो.

स्मिथांच्या ह्या गर्दीतून आता काही माणसे बाजूला काढून पाहू. पहिला मान अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ ह्याचा. स्कॉटलंडातील कर्कॉडी ह्या बंदराच्या गावी १७२३ साली त्याचा जन्म झाला. वडील जकात खात्यात अधिकारी होते आणि मुलाच्या जन्मापूर्वीच वारले. ग्लासगोच्या विद्यापीठात तो नीतिशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १७७६ च्या मार्चमध्ये राष्ट्रांच्या संपत्तीवरील त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. ह्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात श्रमविभागाचे तत्त्व सांगताना त्याने टाचण्यांच्या कारखान्याचा दाखला दिला आहे. दहा माणसे काम वाटून घेऊन दिवसाला ४८ हजारांवर टाचण्या करतात, असा तो हिशेब. तो दाखला सर्वांना ठाऊक असतो. त्याच्याच पुढे आलेला दुसरा दाखला मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि तो आहे लोहाराचा. ज्याने कधी खिळे केले नाहीत असा साधा लोहार दिवसाला दोनतीनशे खिळे कसेबसे करील, आणि तेही ओबडधोबड. ज्याला सवय आहे पण ज्याचा तो एकच धंदा नाही, तो आठशे ते हजार करील. परंतु जन्मात खिळ्यांवाचून दुसरे काही न केलेली विशीच्या आतली पोरे दिवसाला २,३०० वर खिळे पाडताना आपण स्वतः पाहिली आहेत, असे तो लिहितो. स्कॉटलंडातील एका खेड्यात मजूर बेकरीत आणि गुत्त्यात पैशांऐवजी खिळे देतात, अशीही नोंद त्याने करून ठेवली आहे. पूर्वजांच्या ऐरणीवरचा हातोडा ह्या स्मिथाने स्वतः कधी उचलला नाही. पण त्या ऐरणीवर जगाची घडण कशी होते, हे त्याने नेमके पाहिले.

१७७६ चा मार्च महिना आपल्याही इतिहासात नोंदलेला आहे. त्याच महिन्याच्या १ तारखेला पुण्याचे कारभारी आणि कंपनी सरकार ह्यांच्यात पुरंदरचा तह झाला. इकडे कंपनी राघोबादादांच्या निमित्ताने मराठी राज्याच्या भानगडीत पाय रोवीत होती, आणि तिकडे हा स्कॉटिश पंडित लिहीत होता की मक्तेदार व्यापाऱ्यांच्या मंडळीने एखाद्या देशावर राज्य करावे, ह्याहून वाईट राज्यपद्धती त्या देशाला बहुधा दुसरी नसेल. व्यापाऱ्याचा नफा आणि राजाचे कर्तव्य एका हातात आले की काय होते, हे त्याने बंगालचे उदाहरण देऊन दाखवले. त्याचे म्हणणे कंपनीने ऐकले नाही, ही गोष्ट वेगळी.

खुल्या व्यापाराचा हा पुरस्कर्ता १७७८ साली एडिंबरोस जकात खात्याचा कमिशनर झाला. आयातीस मनाई असलेल्या मालाची यादी त्याने वाचून पाहिली आणि मग स्वतःचे कपडे तपासले. तेव्हा आपला गळपट्टा, आपल्या बाह्यांची झालर, आपला हातरुमाल, जवळजवळ सारेच निषिद्ध मालापैकी आहे असे त्याला आढळून आले. लोकांपुढे उदाहरण घालून द्यावे म्हणून त्याने ते सगळे जाळून टाकले आणि ही हकीकत एका मित्राला पत्राने कळवली. जो कायदा आपल्याला मुळात पटत नाही, तोही आपल्या अंगावरच्या कपड्यांना आधी लावून पाहावा, हा धडा सरकारी नोकरांनी घ्यावा असा आहे.

आता एका स्मिथ बाईंची आणि त्यांच्या मुलाची गोष्ट. शार्लट ह्यांचा जन्म १७४९ चा. पंधराव्या वर्षी त्यांचे लग्न बेंजामिन स्मिथ ह्या उधळ्या तरुणाशी झाले. सासरे मोठे व्यापारी, ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक; वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या मळ्यांतही त्यांचा पैसा होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशीच शार्लटबाईंची गत झाली. नवऱ्याने कर्ज केले आणि १७८३ च्या अखेरीस त्याला लंडनच्या किंग्ज बेंच नावाच्या तुरुंगात जावे लागले. कर्जदाराबरोबर कुटुंबानेही तुरुंगात राहण्याची तेव्हा मुभा असे, आणि ह्या बाई बराच काळ त्याच्याजवळ तेथे राहिल्या. पैशाची गरज होती म्हणून त्यांनी १७८४ साली आपली सुनीते छापली. ती लोकांना आवडली. पुढे नवऱ्यापासून वेगळ्या होऊन त्यांनी लेखणीच्या बळावर मुलांचा सांभाळ केला. दहा कादंबऱ्या लिहिल्या. एकूण बारा मुले त्यांना झाली. सासऱ्यांच्या मृत्युपत्रावरून सुरू झालेला दावा बाई १८०६ साली वारल्या तेव्हाही संपला नव्हता. वर्ड्‌स्वर्थसारख्या कवीने ह्यांचे ऋण मानले आहे.

ह्याच बाईंचा मुलगा लायोनेल स्मिथ. मराठी माणसाला हे नाव निराळ्या संदर्भात ठाऊक असते. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाल्यावर जो सेनापती घोडनदीहून आपले सैन्य घेऊन पुण्यावर चालून आला, येरवड्याच्या बाजूने ज्याने शहर घेतले, आणि मग ज्याने बाजीरावाचा पाठलाग केला, तो जनरल स्मिथ हाच. १८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले, तेव्हा समोरच्या फौजेचा नायकही हाच होता. पेशवाईच्या शेवटाचा इतिहास वाचताना आपण येथे पुस्तक मिटतो. परंतु त्या माणसाचे आयुष्य येथे मिटलेले नव्हते. पुढे तो बार्बाडोसचा आणि मग जमेका बेटाचा गव्हर्नर झाला. १ ऑगस्ट १८३८ रोजी तेथील गुलामगिरीचा शेवटचा अवशेष संपला. त्या दिवशी स्पॅनिश टाउन येथे जमलेल्या हजारो लोकांसमोर मुक्ततेचा जाहीरनामा वाचून दाखवणारा गव्हर्नर म्हणजे हाच लायोनेल स्मिथ. गुलामांच्या श्रमावर ज्याच्या आजोबांचे वैभव उभे होते, त्याच्या तोंडून हे शब्द बाहेर पडले. मळेवाल्यांना तो शत्रू वाटू लागला, आणि पुढच्याच वर्षी त्याला ते बेट सोडावे लागले. एका देशाचे स्वातंत्र्य घेणारा आणि दुसऱ्या देशातील माणसांना स्वातंत्र्य वाचून दाखवणारा माणूस एकच असू शकतो. त्याचे पहिले कृत्य दुसऱ्याने पुसले जात नाही, आणि दुसरे पहिल्याने झाकले जात नाही. इतिहासाने दोन्ही लिहून ठेवावीत, हेच न्यायाचे.

हिंदुस्थानशी संबंध आलेले आणखी स्मिथ पुष्कळ आहेत. १८४६ साली पंजाबातील अलिवालची लढाई जिंकणारा सर हॅरी स्मिथ पुढे दक्षिण आफ्रिकेत गेला. त्याच्या पत्नीच्या नावाने वसलेले लेडीस्मिथ शहर बोअर युद्धात वेढले गेले, आणि ते सोडवण्यासाठी झालेल्या लढायांत जखमींना वाहून नेण्याचे काम गांधीजींच्या हिंदी पथकाने केले. व्हिन्सेंट स्मिथ हा मुलकी नोकर. सेवानिवृत्तीनंतर १९०४ साली त्याने हिंदुस्थानचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्या मतांशी वाद घालीत आपल्याकडच्या इतिहासकारांची एक पिढी तयार झाली. पण ह्या साऱ्यांपेक्षा मला अधिक सांगावयाचे आहे ते १८१९ ह्या एका वर्षातल्या दोन स्मिथांविषयी.

१८१९ च्या एप्रिल महिन्याची २८ तारीख. बाजीरावाने शरणागती पत्करून वर्षही पुरे झाले नव्हते. मद्रासच्या सैन्यातला जॉन स्मिथ नावाचा एक घोडदळाचा अधिकारी निजामाच्या मुलखात अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या शिकारीला आला होता. वाघूर नदीच्या वळणावर, समोरच्या कड्यात, झाडीने झाकलेली एक कमान त्याला दिसली. ती आपण ज्याला दहावे लेणे म्हणतो त्या चैत्याची कमान. आसपासच्या गावकऱ्यांना ती जागा ठाऊक होतीच; बाहेरच्या जगाला ती ह्या शिकाऱ्यामुळे कळली, एवढे श्रेय त्याला अवश्य द्यावे. परंतु आत जाऊन त्याने काय केले? ख्रिस्तपूर्व काळात कोरलेले ते लेणे, त्यात शतकानुशतके अंधारात टिकून राहिलेली ती चित्रे. त्या चित्रांच्या रंगावर त्याने टोकदार हत्याराने आपले नाव आणि तारीख ओरखडून ठेवली. त्या वेळी लेण्यात मातीदगडांचा मोठा थर साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. पुढे ती माती काढली गेली. त्यामुळे ते नाव आज माणसाच्या उंचीच्या वर, जणू कोणी शिडी लावून लिहिल्यासारखे दिसते.

त्या लेण्यांतील चित्रकारांपैकी एकानेही आपले नाव ठळक लिहून ठेवण्याची घाई केली नाही. ज्यांनी सारे केले त्यांची नावे आपणांस माहीत नाहीत. ज्याने नुसते पाहिले त्याचे नाव भिंतीवर आहे. नाव कोरणे म्हणजे काय, हे ह्याहून स्पष्ट कोणी दाखवू शकेल असे वाटत नाही.

आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात, लंडनमध्ये दुसरा एक स्मिथ कर्जापायी तुरुंगात गेला. तुरुंग तोच, जेथे पस्तीस वर्षांपूर्वी शार्लट स्मिथ आपल्या नवऱ्याजवळ राहिल्या होत्या. ह्याचे नाव विल्यम स्मिथ, आणि हा खराखुरा लोहाराचा मुलगा होता. ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल ह्या खेड्यात १७६९ साली तो जन्मला. आठव्या वर्षी वडील गेले. शेतकरी काकाने त्याला वाढवले. शिक्षण गावच्या शाळेपुरते. त्या भागात गोलसर, वर पाच पाकळ्यांची नक्षी असलेले दगड शेतात सापडत, आणि लोण्याचे वजन करण्यासाठी गवळणी ते तागडीत घालीत. वास्तविक ते समुद्रात राहणाऱ्या प्राचीन प्राण्यांचे दगड बनलेले अवशेष. समुद्रापासून इतक्या दूर ते आले कसे, हा विचार पोरवयात ह्या मुलाच्या मनाला लागला असला तर नवल नाही.

मोजणीदाराच्या हाताखाली काम शिकून तो कोळशाच्या खाणींत उतरू लागला आणि पुढे सॉमरसेट परगण्यात कोळसा वाहून नेण्याच्या कालव्याची पाहणी त्याच्याकडे आली. कालवा खणताना जमीन चिरली जाते आणि तिचे पोट दिसते. विल्यमला दिसून आले की खडकांचे थर सर्वत्र एका ठरलेल्या क्रमाने एकावर एक पसरलेले आहेत. दोन थर दिसण्यात अगदी सारखे असले, तरी प्रत्येकातील जीवाश्म निराळे असतात. तेव्हा जीवाश्म पाहून थर ओळखता येतो. आज हे वाक्य शाळेतील मुलालाही सोपे वाटेल. पण ह्या एका किल्लीने पृथ्वीच्या इतिहासाचे कुलूप उघडले. मग पंधरावीस वर्षे हा माणूस इंग्लंडभर हिंडला. कधी घोडागाडीने, कधी पायी. १८१५ साली त्याने इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचा काही भाग दाखवणारा भूगर्भाचा नकाशा प्रसिद्ध केला. आठ फुटांहून उंच, सहा फूट रुंद, प्रत्येक थराचा रंग हाताने भरलेला. एका माणसाने एका देशाच्या भूमीखाली दडलेले सारे असे उलगडून दाखवल्याचे पूर्वी कधी घडले नव्हते.

लंडनला १८०७ पासून भूगर्भशास्त्राची संस्था होती. तिचे सभासद सुखवस्तू घरातले विद्वान. लोहाराच्या ह्या मुलाला त्यांनी आपल्यात घेतले नाही. मात्र त्याचे काम त्यांनी नीट पाहिले. संस्थेच्या पुढाऱ्यांनी त्याच विषयावरचा आपला नकाशा तयार करून १८२० साली स्वस्तात विकावयास काढला. विल्यमने आपला जीवाश्मांचा सारा संग्रह आधीच ब्रिटिश म्युझियमला विकला होता; तरी कर्ज फिटले नाही. १८१९ च्या ऑगस्टअखेर तो तुरुंगातून सुटला, तेव्हा घर आणि सामानसुमान गेलेले, पत्नीचे मानसिक स्वास्थ्य ढासळलेले. लंडन सोडून तो उत्तरेकडे गेला आणि पुन्हा मोजणीची कामे करू लागला. १८३१ साली त्याच संस्थेने आपले पहिले वोलास्टन पदक त्याला दिले. अध्यक्ष सेजविक ह्यांनी त्याला इंग्लंडच्या भूगर्भशास्त्राचा जनक म्हणून गौरवले. संस्थेच्या लंडनमधील वास्तूत आज त्याचा नकाशा मानाने लावलेला आहे. विल्यम स्मिथने नाव कोरले नाही. त्याने नाव काढले. मधली वर्षे मात्र त्याची त्यालाच काढावी लागली.

ह्याच पंक्तीतला आणखी एक जण जॉर्ज स्मिथ. लंडनच्या चेल्सी भागातल्या कामकरी घरात १८४० साली जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी एका छापखान्यात नोटांचे ठसे खोदण्याचे काम शिकू लागला. दुपारच्या सुट्टीत जेवण उरकून तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाई. तेथे निनेव्हे शहराच्या अवशेषांतून आणलेल्या मातीच्या हजारो भाजलेल्या फळ्या होत्या. त्यांवर पाचरीच्या आकाराच्या खुणांची लिपी. बारीक रेघा पाहण्याची सवय असलेल्या ह्या पोराला ती लिपी इतकी लवकर साध्य झाली की म्युझियमच्या अधिकाऱ्यांनी अखेर त्याला आपल्या नोकरीत घेतले. १८७२ साली अशाच एका फळीवर त्याला एका महापुराची कथा सापडली. जहाज, डोंगरावर टेकलेला त्याचा तळ, जमीन शोधण्यासाठी सोडलेला पक्षी, सारे त्यात होते. बायबलातील नोहाची आणि आपल्या शतपथ ब्राह्मणातील मनूची आठवण करून देणारी ही कथा म्हणजे गिल्गमेशच्या महाकाव्याचा भाग होता. त्या आनंदाच्या भरात तो दालनात धावत सुटला आणि अंगावरचे कपडे उतरवू लागला, असे पुढे वॉलिस बज ह्या विद्वानाने लिहून ठेवले आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने आपला निबंध वाचला, तेव्हा श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन बसलेले होते. एका वृत्तपत्राने हजार गिनी देऊन त्याला निनेव्हेला पाठवले. तेथे त्याला महापुराच्या कथेचा आणखी एक तुकडा सापडलाही. परंतु तिसऱ्या सफरीत आमांश होऊन १९ ऑगस्ट १८७६ रोजी अलेप्पोजवळ त्याचा अंत झाला. वय अवघे ३६. त्याच्या पत्नीला आणि मुलांना राणीकडून वर्षाला १५० पौंडांचे वेतन मिळाले.

श्रोतेहो, ही यादी हवी तेवढी लांबवता येईल. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून ती पुरी होणार नाही. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांना दप्तरात नोंदवून घेताना आडनाव लागे. कोणी मालकाचे घेतले, कोणी स्वतःच्या पसंतीचे निवडले. अमेरिकेत २०१० साली मोजलेल्या स्मिथांपैकी शंभरात सुमारे २३ जण कृष्णवर्णीय होते. विसाव्या शतकातील थोर गायिका बेसी स्मिथ त्यांच्यातलीच. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटरची शर्यत जिंकून, विजयाच्या चौथऱ्यावर काळा हातमोजा घातलेली मूठ वर धरून उभा राहिलेला टॉमी स्मिथही त्यांच्यातलाच. इंग्लंडातल्या लोहाराला ते आडनाव त्याच्या धंद्याने दिले; ह्यांच्या पूर्वजांना ते इतिहासाच्या अन्यायाने दिले. पण ज्याने ते दिले त्याच्या मालकीचे ते राहिले नाही.

ह्या सगळ्यातून माझ्या मनात जे उरते ते एवढेच. इंग्लंडात आडनाव थिजले आणि धंदा मोकळा झाला. स्मिथ म्हणवणारा माणूस तत्त्वज्ञ होतो, सेनापती होतो, कवयित्री होते. त्याचे नाव ऐकून कोणी त्याला घोड्याचा नाल ठोकावयास सांगत नाही. आपल्याकडे मात्र आडनाव पुष्कळदा दाराच्या कडीसारखे वापरले जाते. ते विचारताना तोंडावर कुतूहल असते आणि मनात हिशेब चालू असतो. हा कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, ह्याच्याशी किती आणि कसे बोलावे, हे त्या एका शब्दावरून ठरवून टाकले जाते. पण म्हणून इंग्रजांनी फार मोठा समभाव साधला असे मानण्याचेही कारण नाही. त्यांच्या आडनावातून धंदा गेला, तरी दारातला पहारेकरी गेला नव्हता. विल्यम स्मिथला बाहेर ठेवणाऱ्यांना त्याच्या आडनावाची अडचण नव्हती. त्याचे बोलणे, त्याचे कपडे, त्याची गावची शाळा एवढे त्यांना पुरले. माणसाला बाहेर ठेवावयाचे ठरले की कारण कोठूनही सापडते.

कचेरीतल्या अर्जांवर आडनावाचा रकाना बहुधा सर्वांत आधी असतो. यादी लावण्यास, एकाचे निवृत्तिवेतन दुसऱ्याच्या खात्यावर न जाऊ देण्यास तो रकाना हवाच. पूर्वी कोणीतरी ऐरणीवर घाम गाळला, कोणीतरी हिशेब लिहिला, कोणीतरी कोठूनतरी गाव सोडून आला, एवढे त्या रकान्यातून कळते, आणि ते कळले तर चांगलेच आहे. त्यापुढचे काही त्यातून कळत नाही. समोर बसलेला माणूस अजिंठ्याच्या भिंतीवर ओरखडा काढणार आहे की पृथ्वीचे थर वाचणार आहे, हे त्याच्या आडनावाला ठाऊक नसते. ते पाहावयाचे तर अर्ज बाजूला ठेवून त्या माणसाचे काम पाहावे लागते, आणि तेही वेळेवर. विल्यम स्मिथच्या कामाकडे त्याच्या देशातील विद्वानांचे लक्ष गेले तेव्हा त्याने साठी ओलांडली होती.